बोलता बोलता टॉवर बदलतो तेव्हा

फोनवर सौद्याचे बोलणे रंगात आलेले असते, भाव जवळपास ठरलेला असतो, आणि दुकानातून उतरून रस्त्यावर येताच पलीकडचा आवाज बंद होतो. पुन्हा फोन लावेपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्या पेढीशी बोलत असते. अशा वेळी सिग्नल कमी म्हणून आपण मोबाइल कंपनीला बोल लावतो. पुष्कळदा सिग्नल पुरेसा असतो. चुकते ते हस्तांतर, म्हणजे चालू बोलणे एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवण्याचे काम.

मोबाइलचा प्रदेश लहान लहान भागांत वाटलेला असतो व प्रत्येक भागाला आपला टॉवर असतो. बोलणे चालू असताना फोन शेजारच्या टॉवरांचे सिग्नलही मोजत राहतो. जीएसएम पद्धतीत तो ही मापे सेकंदाला साधारण दोनदा कळवतो. निर्णय मात्र नेटवर्क घेते. नवा टॉवर किंचित सरस दिसताच उडी मारली, तर सीमेवर बसलेल्या माणसाचा फोन सारखे हेलपाटे घालील. म्हणून नवा सिग्नल ठराविक मापाने सरस आणि थोडा वेळ टिकलेला असावा लागतो. फार वाट पाहिली तर जुना धागा तुटतो. सारी कसरत या दोहोंच्या मधली आहे.

आवाज साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवला जातो. एखादा तुकडा हरवला तरी कानाला कळत नाही. ४जीमध्ये जुना टॉवर आपल्याकडे पडून राहिलेले तुकडे नव्या टॉवरकडे रवाना करू शकतो, त्यामुळे माल वाटेत फारसा गहाळ होत नाही.

(कॉल तुटल्यास १ रुपया, दिवसाला जास्तीत जास्त ३ वेळा, अशी भरपाई ट्रायने १ जानेवारी २०१६ पासून लागू केली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात ती रद्द केली.)

वायफायचे गणित उलटे आहे. येथे राऊटर बदलायचा की नाही हे फोन स्वतःच ठरवतो, आणि बरेच फोन जुन्या राऊटरला शेवटपर्यंत चिकटून राहतात. त्यातून वायफाय सोडून मोबाइल डेटावर गेले की फोनचा इंटरनेटवरील पत्ताच बदलतो. पेढीने जागा बदलावी आणि टपाल जुन्या पत्त्यावर येत राहावे, तशी गत होते. व्हॉट्सअॅप नवा पत्ता कळवून जोडणी पुन्हा उभी करते खरे, पण त्यात काही क्षण जातात आणि नेमका आकडा ऐकू येत नाही.

खाली पेढी आणि वर शिलाईचा कारखाना असेल, तर दोन्हीकडच्या राऊटरना एकच नाव व एकच पासवर्ड द्यावा आणि ते एकमेकांना तारेने जोडावेत. नवे राऊटर घेताना ‘८०२.११आर’ची सोय विचारावी. तिने राऊटर बदलतानाची ओळखपरेड लवकर आटोपते. मात्र फोनमध्येही ती सोय हवी.

भारतात २०१९ च्या अखेरीस आलेले वायफाय कॉलिंग सुरू ठेवणे हाही चांगला उपाय आहे. हा कॉल मोबाइल कंपनीच्याच यंत्रणेतून जात असल्याने घराबाहेर पडताना तो ४जीवर सोपवता येतो. फोनमध्ये व्होल्टे सुरू असले पाहिजे. व्हॉट्सअॅपवरच बोलायचे असेल तर वायफाय आधी बंद करावे आणि मग फोन लावून गाडीत बसावे.