शून्य मार्कांचा रावेल

रिझल्टच्या दिवशी एटीकेटी लागली की वाटतं, ही मार्कलिस्ट कुठेतरी गायबच व्हावी. पॅरिसमध्ये मात्र असे कागद शंभर वर्षांहून जास्त काळ जपून ठेवलेत!

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९५ मध्ये, तिथे 'काँझर्व्हातोआर' हे संगीत विद्यालय सुरू झालं. त्याची जुनी दप्तरं आज फ्रान्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'एजे ३७' या क्रमांकाखाली आहेत. प्रवेशाच्या नोंदी, परीक्षांचे निकाल, शिक्षकांचे शेरे... थोडक्यात, आपल्या कॉलेजच्या ऑफिसातल्या कपाटात असतं तेच सगळं.

याच विद्यालयात मोरीस रावेल शिकला. होय, 'बोलेरो'वाला रावेल. स्पर्धेत बक्षीस नाही म्हणून १८९५ मध्ये त्याला वर्ग सोडावा लागला. १८९७ मध्ये तो परतला, गाब्रिएल फोरे यांच्याकडे संगीतरचना शिकायला. १९०० मध्ये पुन्हा तेच, बक्षीस नाही म्हणून नाव कमी! मग तो फोरेंच्या वर्गात नुसता ऐकायला बसू लागला. संचालक तेओदोर द्युब्वा यांनी तर त्याच्या एका रचनेला चक्क शून्य दिलं. कारण काय, तर लेखनात भयंकर चुका. फोरेंचा शेरा मात्र वेगळाच होता: मुलगा मेहनती, वक्तशीर आणि नव्याची ओढ असलेला.

सरकारी शिष्यवृत्तीच्या 'प्री द रोम' स्पर्धेत रावेल पाच वेळा उतरला. पहिलं बक्षीस एकदाही नाही. १९०५ मध्ये वयोमर्यादेमुळे शेवटची संधी होती, तर पहिल्याच फेरीत बाहेर. अंतिम फेरीतले सगळे स्पर्धक एकाच प्राध्यापकाचे विद्यार्थी निघाले, आणि तो प्राध्यापक परीक्षक मंडळात! वर्तमानपत्रांनी हे प्रकरण उचलून धरलं. त्याच वर्षी द्युब्वा पायउतार झाले आणि संचालकपदी आले फोरे.

'मार्कांना काय किंमत?' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ते शून्य कुणी फाडून टाकलं असतं, तर आज आपल्याला काय कळलं असतं? शून्य आणि शेरा, दोन्ही जपले गेले म्हणून तर परीक्षा घेणाऱ्यांचीही परीक्षा झाली.

तेव्हा ती मार्कलिस्ट फाडू नका, फाईलला लावून ठेवा. त्यावर सही फक्त तुमच्या निकालाची नसते, तो देणाऱ्याचीही असते.