ओठांवरची लव, हनुवटीचे केस : काय करावं, काय टाळावं



आजचा विषय बचत गटाच्या बैठकीत कुणी मोठ्यानं काढत नाही. बैठक संपली, रजिस्टर मिटलं की एखादी ताई आम्हाला बाजूला घेते आणि हळूच विचारते, "पोरीच्या ओठांवर लव वाढलीय. हनुवटीवर पण केस यायला लागलेत. काय करावं?" कॉलेजात चिडवतात म्हणून मुलगी तोंडाला ओढणी बांधून बसते. स्थळं बघायला सुरुवात झाली की घरातलेच बोलतात. विषय कमीपणाचा नाही, तेव्हा आज नीट बोलूया.

आधी हे केस येतात कशामुळे ते पाहू. तळहात, तळपाय आणि ओठ सोडले तर आपल्या अंगावर जवळजवळ सगळीकडे केस असतात. चेहऱ्यावर असते ती बारीक, मऊ लव. वयात येताना शरीरात जे संप्रेरक म्हणजे हार्मोन तयार होतात, त्यातले काही पुरुषी गुणाचे असतात. ते प्रत्येक बाईच्या अंगात थोडे असतातच. ते वाढले किंवा केसांच्या मुळांवर त्यांचा परिणाम जास्त झाला, की लवेचे जाड, काळे केस होतात. आई, आजी, आत्या यांना असतील तर मुलीलाही येऊ शकतात. पाळी वेळेवर असेल आणि केस थोडेच असतील, तर बहुतेक वेळा तो आजार नसतो. ते काढायचे की ठेवायचे हे त्या मुलीनं ठरवायचं.

पण काही वेळा हे केस आतल्या बिघाडाची खूण असतात. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही, मुरुमं जात नाहीत, वजन भराभर वाढतंय, मानेवर आणि काखेत काळपट, मखमलीसारखी जाड कातडी दिसतेय, डोक्यावरचे केस विरळ होताहेत. यातलं काही केसांच्या जोडीला असेल तर पार्लरच्या आधी दवाखाना. याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे पीसीओएस. मूल होण्याच्या वयातल्या साधारण दहा बायकांत एकीला हा त्रास असतो आणि बऱ्याच जणींना तो आहे हे ठाऊकच नसतं. वेळेत कळलं तर पुढे साखरेचा आजार आणि दिवस राहण्यातल्या अडचणी यांच्यावर आधीच लक्ष ठेवता येतं. पाळी सुरू झाल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं ती मागं-पुढं होतेच, त्यानं घाबरू नका. मात्र काही महिन्यांतच केस एकदम वाढले, आवाज घोगरा झाला, तर अजिबात थांबू नका. असं क्वचित होतं, पण त्यामागे गाठीसारखं मोठं कारण असू शकतं.

आणखी एक कारण आपल्या गावांत दिसतं, ते म्हणजे गोरं होण्याची मलमं. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या काही मलमांत स्टेरॉइड असतं. आठ-पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, मुरुमं येतात आणि चेहऱ्यावर केसही वाढतात. मुलगी असं मलम लावत असेल तर डॉक्टरांना ट्यूब दाखवा. बरेच महिने लावलेलं असेल तर ते कसं बंद करायचं हेही त्यांनाच विचारा.

आता केस काढण्याचे मार्ग, स्वस्तापासून महागापर्यंत.

पहिला, काहीच न काढता ब्लीच करणं. यात केस जात नाहीत, फक्त त्यांचा रंग फिका होतो. बारीक लवेला ठीक, जाड केसांना उपयोग नाही. सावळ्या कातडीवर पिवळे केस उलट उठून दिसू शकतात. डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नका.

दुसरा, दोरा म्हणजे थ्रेडिंग. ओठांवरच्या आणि हनुवटीच्या केसांना सोपा आणि स्वस्त. दोन ते चार आठवडे टिकतो. पार्लरवाल्या ताईला नवा दोरा घ्यायला सांगा आणि दोऱ्याचं टोक दातात धरण्याऐवजी गळ्यात बांधायला सांगा. हात धुतलेले असावेत. चामखीळ असेल तर तिच्यावरून दोरा फिरवू नये, ती चेहऱ्यावर पसरू शकते. चार-दोनच केस असतील तर घरी स्वच्छ चिमटा पुरतो. तिळावरचा केस मात्र उपटू नका, कात्रीनं कापा.

तिसरा, वॅक्स. साखर-लिंबाचं घरचं असो की विकतचं, चेहऱ्यावर जपून. आधी मनगटावर लावून किती गरम आहे ते बघा. मुरुमं असतील किंवा मुरुमांचं औषध चालू असेल तर चेहऱ्याला वॅक्स नको, कातडी सोलून निघते.

चौथा, केस काढायची क्रीम. हात-पायांची क्रीम चेहऱ्याला लावू नका. डबीवर 'चेहऱ्यासाठी' असं लिहिलेलंच घ्या. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडीशी लावून, धुऊन, चोवीस तास वाट बघा. खाज किंवा लाली आली तर ती क्रीम आपल्यासाठी नाही.

पाचवा, रेझर. इथे सगळ्या जणी म्हणतात, "नको गं, दाढी येईल." सख्यांनो, हा समज खोटा आहे. १९२८ साली मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी केस मोजून हे तपासलं, पुढेही अभ्यास झाले. रेझरनं केस जाड होत नाही, वाढतही नाही, कारण त्याचं मूळ कातडीच्या आत असतं आणि रेझर तिथवर पोचतच नाही. केसाचं टोक सपाट कापलं जातं म्हणून हाताला खरखरीत लागतं, एवढंच. रेझर स्वतःचा हवा. बहिणीचा, भावाचा घेऊ नये, रक्तातून पसरणारे आजार लागू शकतात. चेहरा ओला करून, केसांच्या दिशेनं हलका फिरवावा.

हळद-बेसनाचा लेप आपण सगळ्याच लावतो. चोळताना थोडी लव निघते, पण मूळ जात नाही. लिंबू चोळून उन्हात गेलं तर काळे डाग पडतात, ते महिनोन्महिने जात नाहीत.

सहावा मार्ग लेसरचा. लेसरचा प्रकाश केसातला काळा रंग धरतो आणि त्या उष्णतेनं मूळ कमजोर होतं. म्हणून जाड काळ्या केसांवर चालतो, पांढऱ्या केसांवर नाही. बारीक लवेवर केला तर कधी कधी केस उलटे वाढतात. सहा ते आठ वेळा, चार-सहा आठवड्यांच्या अंतरानं जावं लागतं. केस बरेच कमी होतात, पण "कायमचे गेले" असं कुणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. हार्मोनचा बिघाड तसाच राहिला तर नवे केस येतात. आपल्या सावळ्या कातडीला कुठलं मशीन आणि किती जोर, हे कळणारा त्वचारोगतज्ज्ञ हवा, नाहीतर भाजून डाग पडतो. लेसर चालू असताना आणि त्याआधी महिनाभर दोरा, चिमटा, वॅक्स बंद. मूळच उपटलं तर लेसर कशावर चालणार? रेझर चालतो. उन्हात काम करणारीनं चेहरा झाकून घ्यावा.

कायमचा म्हणावा असा मार्ग इलेक्ट्रोलिसिसचा. बारीक सुईतून वीज सोडून एकेका केसाचं मूळ जाळतात. पांढऱ्या केसांनाही चालतो. पण वेळ फार लागतो, थोडं दुखतं आणि शिकलेला हातच हवा.

पोटातून घ्यायच्या गोळ्याही असतात. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. केसांवर फरक दिसायला सहा महिने लागतात आणि काही गोळ्या दिवस राहिले तर बाळाला घातक ठरतात. वजन जास्त असेल तर ते थोडं जरी उतरलं तरी पाळी सुधारायला मदत होते.

आता पैशाचं बोलू. मध्यंतरी एका गटात एका ताईनं मुलीच्या लेसरसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. लग्न दीड महिन्यावर आलं होतं आणि शहरातल्या एका सेंटरनं सहा वेळांचे पैसे एकदम मागितले होते. आम्ही सगळ्यांनी बसून हिशेब केला. दीड महिन्यात फार तर दोन वेळा होणार होत्या, आणि मुलीची पाळी तर वर्षात चार-पाच वेळाच येत होती. मग गटानं ठरवलं की आधी तपासणी, लग्नापुरता दोरा, आणि कर्ज लागलंच तर तपासणी आणि औषधाला. मुलीची आई जरा नाराज झाली. मुलगी मात्र म्हणाली, "पाळीचं मला कुणी आधी विचारलंच नव्हतं."

तुमच्या गटात असा प्रश्न आला तर तीन गोष्टी विचारा. पाळीची तारीख लिहून ठेवता का? डॉक्टरांना दाखवलं का? आणि हे केस काढायचे हे मुलगी म्हणतेय की शेजारीण? पैसे देताना एका वेळचे द्या, सगळे एकदम देऊ नका, आणि पावती मागा.

दाखवायचं कुठे? सुरुवात आशाताईंपासून किंवा उपकेंद्रापासून करा. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सल्ला केंद्र असतं, त्याला बऱ्याच ठिकाणी 'मैत्री' म्हणतात. तिथे मुलीला एकटीला बोलू द्या. सरकारी ई-संजीवनीवर मोबाइलवरून डॉक्टरांशी मोफत बोलता येतं. रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी लागली तर सरकारी रुग्णालयात आधी चौकशी करा. जाताना मागच्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या-मलमं पिशवीत घालून न्या.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं या विषयाला ठेवा. गटातल्या मुलींनाही बोलवा. आणि कुणाच्या हनुवटीकडे बघून हसणारी कुणी दिसली, तर तिला तिथेच थांबवा.