बक्षिसाने स्वयंसेवक टिकत नाहीत

गंभीर अपघातग्रस्ताला पहिल्या तासाभरात रुग्णालयात पोहोचवणाऱ्याचं बक्षीस ‘राहवीर’ योजनेने २०२५मध्ये पाच हजारांवरून पंचवीस हजारांवर नेलं. मदत करणाऱ्याला चौकशीच्या ससेमिऱ्यातून वाचवणारं कलम १३४अ मोटार वाहन कायद्यात २०१९लाच आलं होतं. दोन्ही निर्णय चांगलेच आहेत. पण बक्षीस एका दिवसाच्या धाडसाला मिळतं, आणि कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरच्या बिद्रीला वर्षानुवर्षं हाकेला धावून येणारी माणसं हवी आहेत. दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की इथे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते, आणि मोठ्या उपचारांसाठी कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय गाठावं लागतं.

२०१४पासून १०८ची रुग्णवाहिका डॉक्टरसह येते, मग हौशी माणसं कशाला, असं विचारलं जातं. हृदय बंद पडलं आणि छातीदाब मिळाला नाही, तर विजेचा झटका द्यायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका पोहोचेपर्यंतची ती मिनिटं गावकऱ्यांच्याच हातात असतात. ‘आपदा मित्र’ योजनेने ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांना बारा दिवसांचं प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा देण्याचं ठरवलं, ते योग्यच. मात्र छातीदाबाचं कौशल्य सराव नसेल तर काही महिन्यांतच ओसरू लागतं. शिकवून सोडून दिलेला माणूस कागदावर उरतो, प्रसंगाला नाही.

म्हणून भरती करतानाच टिकणारी माणसं निवडायला हवीत. शिकून पुण्याला जाणाऱ्या तरुणावर सारी भिस्त ठेवण्यापेक्षा दूध संस्थेचा सचिव, आशाताई, गॅरेजवाला, पेट्रोल पंपावरचा कामगार, ऊसवाहतुकीचा चालक यांना आधी शिकवा. त्यांची रोजीरोटी गावाशी आणि रस्त्याशीच बांधलेली आहे. मानधनाशिवाय कोण टिकणार, हा आक्षेप निम्मा खरा आहे. सरावाच्या दिवसाचा बुडालेला रोज, पेट्रोलचा खर्च आणि विम्याचं नूतनीकरण मिळालंच पाहिजे. पदरमोड करून सेवा करा, असं सांगणं अन्यायाचं आहे. पण नुसत्या पैशानेही माणूस थांबत नाही. आपल्याला खरोखर बोलावलं जातं, आपली गरज लागते, हे त्याला दिसलं पाहिजे. कोल्हापूरच्या ‘व्हाइट आर्मी’सारखी स्वयंसेवी बचाव संस्था महापुरात उभी राहते ती त्या दिवशी जमलेल्या गर्दीच्या बळावर नव्हे, आधीच्या बांधणीच्या बळावर. तेव्हा गावोगावच्या प्रशिक्षितांची यादी १०८च्या नियंत्रण कक्षाशी जोडावी, जवळच्या स्वयंसेवकाला रुग्णवाहिकेबरोबरच निरोप जावा आणि दर तिमाहीला उजळणी व्हावी. बक्षिसाइतकीच तरतूद या कामासाठी सरकारने करायला हवी.