महामारीतली झोप आणि पुराव्याची कसोटी



२५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन लागला. शाळा मोबाईलवर आली आणि अनेक घरांत मुलांच्या झोपेचं वेळापत्रक कोलमडलं.

असं का झालं? आपल्या मेंदूतलं घड्याळ मुख्यतः उजेडावर चालतं. अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागतं आणि शरीर झोपेच्या तयारीला लागतं. रात्री डोळ्यांवर स्क्रीनचा उजेड पडला की हे काम लांबतं.

आता औषधाचं पाहू. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांना कोरोना झाला, तेव्हा त्यांच्या औषधांत मेलाटोनिनही होतं. ते बरे झाले. पण ते मेलाटोनिनमुळेच, असं म्हणता येईल का?

आपल्या हिंगणघाटकडच्या कपाशीचं उदाहरण घ्या. नवं खत लागू पडलं का, हे कळायला शेजारच्या काही ओळी बिनखताच्या ठेवाव्या लागतात. जमीन तीच, पाऊस तोच. तुलनाच नसेल तर श्रेय खताला द्यायचं की पावसाला?

औषधाचंही तसंच. कोरोनाच्या प्लाझ्मासाठी नातेवाईक वणवण फिरत होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला प्लाझ्मा दिला, दुसऱ्याला नाही. आजार बळावणं किंवा मृत्यू, दोन्हींत फरक पडला नाही. मे २०२१ मध्ये प्लाझ्मा सरकारी उपचारसूचीतून वगळला गेला. घाईच्या काळातही नीट तपासणी करता येते, हे यातून दिसतं.

झोपेबाबत तर जास्तच सावध राहायला हवं. काळजीने उडालेली झोप बरेचदा काही दिवसांनी आपोआप सुधारते. त्याच सुमारास हळदीचं दूध दिलं, की श्रेय दुधाला! दूध द्या, हरकत नाही. पण त्याला पुरावा समजू नका.

मग घरी काय करायचं?

१. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप मिळू द्या.
२. सुट्टीतही उठण्याची वेळ फार बदलू नका. सकाळी मुलांना उजेडात, अंगणात पाठवा.
३. झोपण्याआधी तासभर मोबाईल दूर ठेवा.
४. डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोपेची कुठलीही गोळी देऊ नका, मेलाटोनिनसुद्धा.

आणि वर्गात तीन प्रश्न फळ्यावर लिहा: तुलना कोणाशी केली? किती जणांवर केली? त्रास कोणाला झाला का? उद्या मोबाईलवर नवा रामबाण उपाय आला, तर मुलं हेच प्रश्न आधी विचारतील.