जंगलाच्या दारात मुक्काम

चाकांवरचे घर तुम्हांला माहीत आहे काय? ही एक मोठी मोटारगाडी असते. तिच्यात झोपण्याची जागा, लहानसे स्वयंपाकघर आणि पाण्याची टाकी असते. अमेरिकेत अनेक लोक वर्षातील काही महिने अशा गाडीत राहतात. हिवाळ्यात ते उबदार प्रदेशात जातात, उन्हाळ्यात थंड प्रदेशाकडे वळतात आणि वाटेत राष्ट्रीय उद्यानांजवळ मुक्काम करतात. जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान, यलोस्टोन, १८७२ साली त्याच देशात स्थापन झाले.

हे लोक एका जागी बरेच दिवस का राहतात? कारण जंगल एका दिवसात कळत नाही. मोसम बदलला की जंगलही बदलते. हे पाहण्यासाठी चाकांवरचे घरच हवे असे मात्र नाही. चला, आपण बुलढाणा जिल्ह्यातील सोनाळा या गावी जाऊ.

सोनाळा हे गाव संग्रामपूर तालुक्यात, सातपुडा पर्वताच्या पायथ्याशी आहे. जवळच अंबाबारवा अभयारण्य आहे. जेथे प्राण्यांना शिकारीचे भय नसते, ते अभयारण्य. हे अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वाघ वाचवण्यासाठी १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्यासाठी निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होते.

पावसाळ्यात हे जंगल हिरवेगार असते. सागाची मोठी पाने दाट होतात आणि दहा पावलांवरचे सांबरही दिसत नाही. हिवाळ्यात पहाटे मऊ मातीत पावलांचे ठसे पाहावेत. रात्री येथून कोण गेले, ते ठसेच सांगतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस लाल-केशरी फुलांनी भरतो. त्यानंतर मोहाची फुले गळू लागतात. ती खाण्यासाठी अस्वले येतात. उन्हाळ्यात झाडे उघडी होतात, नाले आटतात आणि प्राणी पाणवठ्यावर जमतात. म्हणून बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात मचाणावर बसून प्राण्यांची नोंद करतात.

पुन्हा पुन्हा पाहण्याने काय मिळते, याचे एक उदाहरण ऐका. रानपिंगळा हा एक लहान घुबड आहे. १८८४ नंतर एकशे तेरा वर्षे तो अभ्यासकांना सापडला नाही. तो नष्ट झाला, असेच अनेकांना वाटले. परंतु १९९७ साली सातपुड्याच्याच पायथ्याशी, शहाद्याजवळ, तो पुन्हा दिसला. पुढे मेळघाटातही त्याची नोंद झाली. रानपिंगळा जंगलातच होता. त्याला शोधणारे डोळे उशिरा पोहोचले.

मात्र लक्षात ठेवा, अभयारण्यात मनाला येईल तेथे गाडी उभी करून राहता येत नाही. वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. आत आवाज करू नये, प्राण्यांना खाऊ घालू नये, प्लास्टिक टाकू नये. उन्हाळ्यात सागाची वाळलेली पाने जमिनीवर पसरलेली असतात. एक जळती काडी पडली, तरी वणवा पेटतो. मोठे प्राणी पळू शकतात. पण जमिनीवरच्या घरट्यातील अंडी आणि पिल्ले कोठे जाणार?

तुमच्या गावाजवळही एखादे रान, टेकडी किंवा तळे असेल. प्रत्येक मोसमात एकदा तरी तेथे जा. जे दिसेल ते तारखेसह वहीत लिहा. वर्षभराने वही उघडून पाहा. तेच रान तुम्हांला चार वेळा नवे दिसले असेल.