नापसंतीतून परवानगी : मुंबईतील इमारत-परवान्याची कायदेशीर घडण

मुंबईत इमारत बांधू इच्छिणाऱ्याच्या हाती महानगरपालिकेकडून जो पहिला महत्त्वाचा कागद पडतो, त्याचे पिढ्यान्‌पिढ्या रूढ असलेले नाव ‘नापसंतीची सूचना’ असे आहे. वास्तुकारांच्या व्यवहारात ती ‘आय. ओ. डी.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. परवानगी मागावी, उत्तरादाखल नापसंती यावी, आणि ती आल्याबद्दल अर्जदाराने समाधान मानावे, हा प्रकार प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. परंतु या नावामागे कायद्याची एक विशिष्ट विचारसरणी आहे. ती उलगडून दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा. त्याच्या ३३७ व्या कलमान्वये, इमारत उभारू इच्छिणाऱ्याने आयुक्तांस आपल्या इराद्याची नोटीस द्यावयाची असते. येथे ‘अर्ज’ नव्हे, ‘नोटीस’ हा शब्द योजिला आहे, याकडे अभ्यासकांनी अवश्य लक्ष द्यावे. जमिनीच्या मालकास तिच्यावर बांधण्याचा हक्क मूलतःच आहे, आणि पालिकेला केवळ हरकत घेण्याचा अधिकार आहे, अशी ही भूमिका आहे. म्हणूनच आयुक्तांनी ३० दिवसांत नापसंती कळविली नाही, तर ३४५ व्या कलमाप्रमाणे मालकास कामास लागता येते. नापसंती कळवावयाची झाल्यास ३४६ व्या कलमानुसार तिची कारणे द्यावी लागतात. तसेच कोणत्या अटी पाळल्यास बांधकाम मान्य समजले जाईल, हेही सांगता येते. ‘पुढील अटी पूर्ण होईपर्यंत नापसंत’ असे ज्या कागदावर लिहिलेले असते, तो कागद म्हणजे वस्तुतः सशर्त मान्यताच होय.

१९६६ साली महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम झाला. त्याची भूमिका नेमकी उलट आहे. नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीवाचून कोणताही विकास करावयाचा नाही, असा निषेध तेथे प्रथम येतो. परवानगी हा त्याला अपवाद. ४४ व्या कलमाखाली खरोखरीचा अर्ज करावा लागतो, आणि ४५ व्या कलमाखाली तो विनाअट मंजूर, सशर्त मंजूर किंवा नामंजूर होतो. नामंजुरीविरुद्ध वा जाचक अटींविरुद्ध राज्य शासनाकडे अपील करता येते. मंजुरीची मुदत एक वर्षाची असून ती वर्षावर्षाने वाढविता येते. मात्र ही वाढ एकंदर तीन वर्षांपलीकडे जात नाही.

मुंबईत हे दोन्ही कायदे एकाच इमारतीला लागू पडतात. नापसंतीच्या सूचनेतील अटी पुऱ्या झाल्यावर प्रारंभ प्रमाणपत्र मिळते, तेही सामान्यतः प्रथम जोत्यापर्यंतच. जोत्याची मोजमापे मंजूर नकाशाशी ताडून पाहिल्यानंतर वरच्या मजल्यांस अनुमती मिळते. या टप्प्यांचे कारण उघड आहे. चुकीच्या जागी पडलेले जोते त्या वेळी दुरुस्त करता येते. त्यावर दहा मजले चढल्यावर ते अशक्यप्राय होते.

१९६६ च्या कायद्यातही मौनाची तरतूद आहे. तेथे मुदत ६० दिवसांची आहे. परंतु ‘मौनं संमतिलक्षणम्’ या वचनाचा येथे मर्यादित अर्थच घ्यावयास हवा. मौनाने विलंबाचे निवारण होते, नियमभंगाचे नव्हे. मुदत उलटून गेली तरी इमारत नियमांस धरूनच असली पाहिजे, असे दोन्ही कायदे सांगतात.

शेवटचा टप्पा भोगवट्याच्या परवानगीचा. १८८८ च्या कायद्यातील ३५३-अ या कलमानुसार, काम संपल्यावर एका महिन्याच्या आत तशी नोटीस द्यावी लागते, आणि परवानगीपूर्वी इमारतीत राहावयास जाता येत नाही. सदनिकांसंबंधीच्या १९६३ च्या कायद्यानेही पूर्णत्वाच्या दाखल्याविना ताबा देणे आणि घेणे, या दोहोंस मनाई केली आहे. तथापि हाच टप्पा सर्वाधिक उपेक्षिला जातो. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत मंजुरीपेक्षा कितीतरी अधिक मजले १९८० च्या दशकात बांधले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ते नियमित करण्यास नकार दिला, तेव्हा त्या घरांत कुटुंबे पंचवीस वर्षांच्या आसपास नांदत होती.

या प्रकरणात परवाना-पद्धतीतील खरे वैगुण्य दिसून येते. नोटीस देणारा, अटी स्वीकारणारा आणि त्या मोडणारा विकासक असतो. परिणाम मात्र त्या व्यवहारात कधीच पक्षकार नसलेल्या रहिवाशास भोगावे लागतात. १८८८ च्या कायद्याने डोळ्यांसमोर ठेवलेला मालक स्वतःच्या जागेवर बांधीत होता. आज बांधणारा एक आणि राहणारा दुसरा, अशी स्थिती आहे. मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र हे तीन कागद एकमेकांशी ताडून पाहणे, हाच घर घेणाऱ्यापाशी उरलेला सोपा उपाय होय. आणि तो पैसे देण्यापूर्वीच योजावयास हवा. परवान्याच्या कायद्याचा अभ्यास करणाऱ्यांनीही मालक आणि पालिका यांच्यापलीकडे असलेल्या या तिसऱ्या माणसाचा विचार केल्यावाचून आपले विवेचन पुरे झाले, असे समजू नये.