नाण्यावरचं रोप आणि आपली हिंगाची डबी

आज सकाळी वरणाला फोडणी देताना हिंगाची डबी उघडली आणि हा विषय डोक्यात आला.

आजच्या लिबियात ग्रीकांचं सायरीनी नावाचं शहर होतं. तिथल्या जुन्या नाण्यांवर चक्क एक रोप दिसतं. जाड दांडा, टोकाला फुलांचे गुच्छ. हे सिल्फियम. दांड्याला, मुळाला चीर पाडून चीक काढायचा, वाळवायचा. तोच मसाला, तेच औषध. प्लिनी हा रोमन लेखक सांगतो, तो चांदीच्या भावाने विकला जायचा. सीझरने रोमच्या खजिन्यातून सोन्या-चांदीबरोबर हा चीकही उचलला होता, १५०० रोमन पौंड!

मग घोळ कुठे झाला? हे रोप शेतात लागतच नव्हतं. थिओफ्रास्टसने हे तेव्हाच लिहून ठेवलंय. म्हणजे जे काही मिळणार ते रानातून. त्यात जमिनी खंडाने घेणाऱ्यांना मेंढ्या चारण्यात जास्त नफा दिसला. शेवटी प्लिनीच्या काळात एकच दांडा सापडला, तो सम्राट नीरोकडे पाठवला.

मग रोमनांनी काय वापरलं? इराणकडून येणारा, त्यांच्या मते दुय्यम माल. तोच आपला हिंग!

आणि हिंगही बहुतेक रानातूनच येतो, इराण-अफगाणिस्तानातून. भारतात त्याची लागवड सुरू झाली २०२० मध्ये, हिमाचलच्या लाहौलमध्ये. मला ही बातमी म्हणूनच मोठी वाटते. जे फक्त ओरबाडतो, पेरत नाही, ते कधीतरी संपतंच.

भेटू पुढच्या भागात!